पक्ष्यांचे चरित्रकार डॉ. सलीम अली

फाल्गुन सरत आला म्हणजे शाळकरी मुलांस परीक्षेवाचून दुसरे काही दिसत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या वर्धा जिल्ह्याच्या रानांत वर्षातील सर्वांत रमणीय देखावा मांडलेला असतो. आर्वी-कारंज्याकडील टेकड्यांवर पळस फुललेला असतो. बोरच्या जंगलात काटेसावर पाने टाकून तांबड्या फुलांनी भरून जाते. शेतांच्या बांधांवर नीलकंठ पक्षी आकाशात उंच चढून कोलांट्या घेत खाली येत असतो, आणि दुपारच्या उन्हात वडाच्या झाडावरून तांबटाची ठक् ठक् एकसारखी चाललेली असते. हे सर्व पाहण्यास पैसा लागत नाही. तरी ते पाहणारे आमच्या पाहण्यात फार थोडे आहेत. ह्या अंकासाठी चरित्रनायक निवडताना आम्ही राजे, सेनापती व कवी ह्यांस एक वर्ष विश्रांती देऊन, ज्याने जवळजवळ ऐंशी वर्षे केवळ पाखरे पाहण्यात घालविली अशा एका पुरुषाची निवड केली, त्याचे कारण हेच होय.

डॉ. सलीम अली ह्यांचा जन्म मुंबई येथे ता. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. मोइझुद्दीन व झीनतउन्निसा ह्या दांपत्याचे ते अपत्य. एक वर्षाचे असता वडील गेले, तीन वर्षांचे असता आई गेली. इतक्या लहान वयात पोरक्या झालेल्या ह्या मुलास त्याचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम ह्यांनी आपल्या खेतवाडीच्या घरी वाढविले. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. मिठाच्या सत्याग्रहात महात्माजींच्या अटकेनंतर ज्यांनी पुढारीपण घेतले ते वृद्ध अब्बास तय्यबजी हेही सलीमचे मामाच. सेवाग्रामच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या वाचकांस हा धागा कळविणे आम्हांस अगत्याचे वाटते. सलीमचे पहिले शिक्षण गिरगावातील झनाना बायबल अँड मेडिकल मिशनच्या मुलींच्या शाळेत, दोघी बहिणींच्या सोबतीने झाले. पुढे ते सेंट झेवियर्स शाळेत गेले. म्हणजे आरंभीची अक्षरे त्यांनी आपल्यासारख्याच एका मिशन शाळेत गिरविली.

घरात शिकारीचा शौक होता, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलाच्या हाती एक लहानशी हवेची बंदूक आली होती. तिने चिमण्या मारण्यात हा मुलगा तरबेज झाला. दहाएक वर्षांचे वय असेल. एके दिवशी त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर हळदीचा टिळा लावावा तसा पिवळा डाग दिसला. घरच्या चिमणीच्या गळ्यावर असा डाग नसतो. मुलाने मामांस विचारले. आता, असल्या प्रश्नास बहुतेक वडीलधारी मंडळी काय उत्तर देतात हे आम्ही पालकवर्गास सांगावयास नको. अमीरुद्दीन मामांनी मात्र वेगळे केले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी ते एक असल्यामुळे त्यांनी सोसायटीचे मानद सचिव मिलार्डसाहेब ह्यांच्या नावे चिठ्ठी लिहून मुलास तिकडे पाठविले.

त्या काळी एका हिंदी पोराने साहेबाच्या कचेरीत एकट्याने पाऊल टाकणे ही लहान गोष्ट नव्हती. पुडीत मेलेली चिमणी घेऊन तो भीत भीत गेला. मिलार्डसाहेबांनी ती हातात घेऊन पाहिली, तिचे पीतकंठी चिमणी हे नाव सांगितले, आणि कपाटांचे खण एकामागून एक उघडून, पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी ह्या मुलास दाखविले. वाचावयास पुस्तकेही दिली. त्यांत मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरील एडवर्ड हॅमिल्टन एटकेन ह्यांचे एक होते, व ते सलीम अलींनी पुढे आयुष्यात पुनःपुन्हा वाचले. हे एटकेन साताऱ्यास एका स्कॉटिश मिशनरी कुटुंबात १८५१ साली जन्मले होते, आणि १८८३ साली ही सोसायटी ज्यांनी स्थापन केली त्यांत त्यांचे नाव आहे. पक्ष्यांचे कातडे सोलून ते टिकवून कसे ठेवावे, त्यावर ठिकाण व तारीख कशी नोंदवावी, हेही सलीमला तेथेच शिकावयास मिळाले.

ही पीतकंठी चिमणी मुंबईचीच नव्हे. आपल्या पानझडी रानांतही ती राहते, आणि पळस-मोह फुलण्याच्या सुमारास सुतारपक्ष्यांनी टाकून दिलेल्या ढोलीत घरटे करते. गळ्यावरचा तो पिवळा डाग नराच्या अंगी ठळक असतो, तरी दुरून तो दिसत नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या खिशांत गलोल असते हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांनी ही कथा गलोलीचे समर्थन म्हणून वाचू नये. सलीम अलींनी पुढील आयुष्यातही नमुन्यांसाठी पुष्कळ पक्षी बंदुकीने मारले, कारण त्या काळी पक्ष्याची ओळख पटविण्यास व जातींतील बारीक भेद ठरविण्यास दुसरा खात्रीचा मार्ग नव्हता. ही गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही, व त्यांनीही ती कधी झाकली नाही. आज दुर्बीण आहे, छायाचित्र आहे, आणि कायदाही आहे.

अभ्यासात मात्र हा मुलगा मागेच राहिला. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखीने त्यास ग्रासले. वर्गातून वारंवार उठून जावे लागे. सिंध प्रांताच्या कोरड्या हवेने बरे वाटेल म्हणून तिकडे एका आप्ताकडे त्यास पाठविण्यात आले. परत येऊन १९१३ साली तो मॅट्रिकची परीक्षा कसाबसा उत्तीर्ण झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयात नाव घातले, पण पहिल्याच वर्षी ते सुटले, आणि घरच्या लाकडाच्या व खाणीच्या धंद्यात मदत करावी म्हणून त्यास ब्रह्मदेशात तव्हॉय येथे धाडण्यात आले. तेथले रान घनदाट, पाखरे नवी. धंद्याकडे लक्ष किती राहिले असेल हे सांगावयास ज्योतिषी नको. १९१७ साली ते परत आले. दावर कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेब शिकू लागले असता, झेवियर्समधील फादर ब्लॅटर ह्यांनी त्यांचा खरा ओढा ओळखून प्राणिशास्त्राचा अभ्यास करण्यास लावले. सकाळी हिशेब आणि नंतर प्राणिशास्त्र असा हा दुहेरी क्रम चालला. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, व पुढे पुन्हा काही वर्षे ब्रह्मदेशात काढून, धंदा बुडाल्यावर दोघे मुंबईस परतली.

आता उपजीविकेचा प्रश्न आला. सरकारच्या प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती. ती त्यांस मिळाली नाही, कारण विद्यापीठाची पदवी नव्हती. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या प्राणिविभागात वाटाड्या-व्याख्याता म्हणून दरमहा ३५० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. दोन वर्षांनी त्यांस हे काम पुरेना, आपणांस शास्त्र नीट आले पाहिजे असे वाटू लागले, म्हणून १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीस गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात प्रोफेसर श्ट्रेसेमान ह्यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग कसा काढतात तेही पाहिले. परीक्षेत ज्यास कोणी फारसे मानले नाही, त्यास हा गुरू भेटला. सलीम अली त्यांसच आपले गुरू म्हणत.

१९३० साली ते परतले तो म्युझियमने पैशांच्या अभावी ती जागाच काढून टाकलेली. पदरी पत्नी, हाती परदेशी विद्या, आणि दरमहा मिळकत शून्य.

अशा प्रसंगी मनुष्य खचतो, किंवा नातेवाइकांच्या दुकानात खुर्चीवर बसतो. सलीम अली व तेहमिना मुंबईचा खर्च झेपेना म्हणून खाडीपलीकडे अलिबागेजवळ किहीम ह्या समुद्रकाठच्या खेड्यात राहावयास गेले. घराजवळच एका झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नोकरी नसल्यामुळे वेळ पुष्कळ. त्या पावसाळ्यात त्यांनी दिवसचे दिवस त्या झाडाजवळ बसून एकेका घरट्याचा इतिहास टिपून घेतला.

सुगरण आपल्या मुलखात कोणी पाहिली नाही? हिंगणघाटाकडे विहिरीवर वाकलेल्या बाभळीस आणि नाल्याकाठच्या शिंदीस तिचे खोपे लटकलेले असतात. आपण तिला स्त्रीलिंगी नाव दिले आहे. बहिणाबाई चौधरी ह्यांच्या गीतामुळे तर सुगरण म्हणजे पिलांसाठी खोपा विणणारी आई हे चित्र महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. ते गीत आम्हांसही फार प्रिय आहे. परंतु झाडाखाली बसून पाहिले असता दिसते ते निराळे. खोपा विणतो तो नर. गवताच्या पात्याला चोचीने चीर पाडून तो लांब धागा ओढून काढतो, फांदीस गाठ मारतो, त्याचे कडे करतो, आणि कड्यावरून पेटीसारखा घुमट विणीत जातो. खोपा अर्धा झाला, म्हणजे माद्यांचा घोळका येतो. सर्व नर पंख फडफडवून एकच गलका करतात. माद्या आत शिरून, ओढून, पारखून पाहतात. एखादीस खोपा पसंत पडला तर ती तेथे राहते, आणि मग नर उरलेली नळी विणून काम पुरे करतो. अंडी घालणे व उबविणे तिच्याकडे. नर तिकडे फिरकत नाही, तो शेजारीच दुसऱ्या खोप्यास आरंभ करतो, दुसऱ्या मादीसाठी. आणि ज्याचा खोपा कोणासही पसंत पडला नाही त्याचे काय? तो अर्धाच राहतो, वाऱ्यावर झुलतो, व नर पुन्हा पहिल्या गाठीपासून सुरुवात करतो. आपल्या विहिरींवर जे अपुरे, नळी नसलेले खोपे दिसतात व ज्यांस मुले झोपाळा म्हणतात, ते हेच नापसंत झालेले घर होय. घुमटाच्या आत चिखलाचा लेप असतो. त्यात काजवे चिकटवून सुगरण दिवाबत्ती करते अशी समजूत खेड्यांतून आहे, तीस मात्र आधार नाही.

सुगरणीच्या संसारावरील हा निबंध १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि त्याने सलीम अलींचे नाव शास्त्रज्ञांत झाले. नोकरी गेली नसती तर हा निबंध लिहिला गेला असता की नाही, ह्याचा विचार वाचकांनी करावा.

नाव झाले तरी घर चालावयाचे होते. त्यांनी एक विलक्षण योजना काढली. हिंदुस्थानातील अनेक संस्थानांत पक्ष्यांची मोजदाद कधी झालेलीच नव्हती. तंबू, गाडीभाडे व नोकरचाकर एवढा खर्च संस्थानाने द्यावा, आपण वेतन घेणार नाही, असे त्यांनी सोसायटीच्या द्वारे कळविले. पहिले हैदराबाद संस्थान १९३१ साली तयार झाले. निजामाच्या त्या मुलखाची सीमा खाली राजुऱ्याकडे आपल्याच वर्धा नदीस येऊन भिडत असे. पुढे त्रावणकोर व कोचीन झाले, मध्य हिंदुस्थानातील ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ झाले, कच्छ झाले. बैलगाडी, तट्टू, पायपीट, हिवताप. तेहमिनाबाई सर्वत्र बरोबर असत. शहरातील सुखसोयींत वाढलेल्या ह्या बाईंनी तंबूतला संसार तक्रार न करता केला, मुक्कामाची व्यवस्था पाहिली, आणि पतीची इंग्रजी भाषा सुधारण्यासही त्यांचा मोठा हातभार लागला. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर रक्तात विष भिनून त्या वारल्या. मूलबाळ नव्हते. सलीम अली तेव्हा ४२ वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण कामू व तिचे यजमान ह्यांनी त्यांस वांद्र्यास पाली हिलवरील आपल्या घरी नेले व पुढील आयुष्य त्यांनी तेथेच काढले.

वसंत ऋतूशी ज्याचा विशेष संबंध आहे असे त्यांचे एक काम सांगावयाचे राहिले. १९३२ साली त्यांनी पक्षी व फुले ह्यांच्या परस्पर देवघेवीवर एक लेख लिहिला. पळस, सावर, पांगारा ही झाडे वसंतात पाने झाडून मग फुलतात. फूल मोठे, लाल किंवा केशरी, वास जवळजवळ नाही, पण आत मध भरपूर. हे आमंत्रण मधमाशीपेक्षा पाखरासच अधिक आहे. पाखरू मधात चोच घालते तेव्हा कपाळास व गळ्यास पराग माखतो, आणि पुढच्या झाडावर तो उतरतो. शिंजीर, बुलबुल, साळुंकी, कोतवाल, कावळासुद्धा, ह्या सर्वांचे कपाळ त्या दिवसांत पिवळे झालेले दिसेल. आपल्या जिल्ह्यात ह्या मेजवानीचे मुख्य पाहुणे म्हणजे भोरड्या. ज्वारीच्या हंगामात कणसांवर पडणाऱ्या ह्या पाखरांस हाकलता हाकलता शेतकरी मेटाकुटीस येतो, व त्यांचे नाव काढले तरी त्याच्या कपाळास आठी पडते. पण त्याच भोरड्या पळस फुलला की पळसावर दिसतात, म्हणून त्यांस पळसमैना असेही म्हणतात. चैत्राच्या शेवटी त्यांचे थवे मध्य आशियाच्या व पूर्व युरोपच्या गवताळ मुलखाकडे निघून जातात, आणि तेथे पिलांस टोळ खाऊ घालून वाढवितात. आपल्याकडील नुकसान व तिकडील उपकार ह्यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो.

पक्षी पाहणाऱ्यास वसंताची चुटपुट लागते ती येथेच. एकीकडे कोकीळ, हळद्या व दयाळ गाऊ लागतात, आणि दुसरीकडे हिवाळ्यात तळ्यांवर उतरलेली चक्रवाकाची जोडी एके सकाळी दिसेनाशी होते. धोबी पक्षी अंगणातून नाहीसा होतो. कालपर्यंत गजबजलेले पाणी रिकामे पडते. ही पाखरे जातात कोठे, ह्या प्रश्नास उत्तर देण्यासाठी सोसायटीने १९५९ पासून, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. त्याचे धुरीणत्व सलीम अलींकडे होते.

भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे रंगीत चित्रांचे पुस्तक १९४१ साली निघाले. त्यापूर्वीची पुस्तके जाडजूड, महाग आणि पंडितांसाठी. हे पुस्तक पिशवीत मावे, व कोणासही उघडून पाखरू ओळखता येई. १९४२ साली पंडित नेहरूंनी बंदिवासात असता त्याची एक प्रत आपली कन्या इंदिरा हिला भेट दिली, आणि तीही तेव्हा तुरुंगात होती. सेवाग्रामास त्याच वर्षी आलेले महात्माजींचे क्वेकर मित्र होरेस अलेक्झांडर हेही नामांकित पक्षिनिरीक्षक असून, पुढे १९५० साली दिल्लीत पक्षी पाहणाऱ्यांचे मंडळ स्थापन करणाऱ्यांत ते होते. राष्ट्राच्या धामधुमीत पाखरांकडे पाहावयास कोणास सवड होती, असे विचारणाऱ्यास एवढे पुरे.

मोठे काम उतारवयात झाले. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले ह्यांच्या सहकार्याने भारत व शेजारील देश ह्यांतील सर्व पक्ष्यांची माहिती देणारा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ ह्या काळात प्रसिद्ध झाला. शेवटचा खंड निघाला तेव्हा सलीम अली ७७-७८ वर्षांचे होते. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण. ज्यास पदवी नाही म्हणून नोकरी मिळाली नव्हती त्यास अलीगढ, दिल्ली व आंध्र विद्यापीठांनी सन्मानाची डॉक्टरेट दिली. १९६७ साली ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञांच्या संघाचे सुवर्णपदक मिळाले, व ब्रिटिश नसलेल्या मनुष्यास ते त्यापूर्वी कधी मिळाले नव्हते. गेटी पारितोषिकाचे ५० हजार डॉलर मिळाले ते त्यांनी सोसायटीच्या निसर्गरक्षणाच्या कामी दिले. भरतपूरची तळी व केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचविण्यात त्यांच्या शब्दाचे वजन पडले. १९८५ साली राष्ट्रपतींनी त्यांस राज्यसभेवर नेमले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र निघाले. त्याच्या नावात पुन्हा एक चिमणी आहे, जमिनीवर पडणारी. मत्तयाच्या शुभवर्तमानातील चिमण्या आमच्या पुष्कळ वाचकांस येथे आठवतील.

इतके यश सांगितल्यावर त्यांच्या निराशांचीही नोंद केली पाहिजे, कारण पक्षी पाहणाऱ्याच्या वहीत कोरी पानेच अधिक असतात. मसुरी-नैनितालकडील पहाडी लाव्हा १८७६ नंतर खात्रीलायक रीतीने कोणी पाहिला नव्हता. सलीम अलींनी तो शोधला, सापडला नाही. गुलाबी डोक्याचे बदक असेच गेले. फिनची सुगरण मात्र १९३४ साली कुमाऊँच्या तराईत त्यांस पुन्हा गवसली. जेर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर नष्ट झाला असे सर्व धरून चालले होते. तो १९८६ च्या जानेवारीत आंध्रातील कडप्पा जिल्ह्यात सोसायटीच्या एका तरुण संशोधकास जिवंत आढळला, तेव्हा सलीम अली ८९ वर्षांचे होते. ती बातमी ऐकावयास ते राहिले, ह्याचे आम्हांस फार समाधान वाटते. दीर्घ दुखण्याने मुंबईत ता. २० जून १९८७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

एक पाखरू राहूनच गेले. रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड खानदेशात १८८४ साली शेवटचे मिळाले होते. पुढे एका इंग्रज संग्राहकाने दुसऱ्याचा नमुना आपला म्हणून, खोटे ठिकाण लिहून संग्रहालयात ठेवला, व त्यामुळे शोधणारे पुष्कळ काळ चुकीच्या मुलखात हिंडत राहिले. सलीम अलींच्या हयातीत तो कोणासही दिसला नाही. १९९७ च्या नोव्हेंबरात, ११३ वर्षांनी, अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन व त्यांचे सोबती ह्यांस शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी तो भर सकाळच्या उन्हात एका निष्पर्ण झाडावर बसलेला आढळला. त्यानंतर आपल्या वऱ्हाडातील मेळघाटातही त्याचा पत्ता लागला आहे. मेळघाट वर्ध्याहून एका दिवसाच्या प्रवासावर आहे, आणि हे घुबड दिवसाही दिसते.